क्वार्टरबॅक एकाच रिसीव्हरकडे चेंडू टाकत राहतो: कारण कसं शोधायचं आणि सवय कशी मोडायची

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांची तक्रार बहुतेक वेळा सारख्याच शब्दांत येते: क्वार्टरबॅक (चेंडू टाकणारा) एकाच रिसीव्हरला (झेलणाऱ्याला) पास देतो. मुलगा नववी-दहावीत आहे, हात चांगला आहे, सरावात सगळ्यांना पास देतो. सामना सुरू झाला की मात्र स्नॅप (खेळी सुरू करताना मागे दिलेला चेंडू) मिळताक्षणी त्याचं हेल्मेट एका बाजूला वळतं आणि तिथेच राहतं. तिथे त्याचा लाडका रिसीव्हर असतो, बहुतेक वेळा मित्र. तो मोकळा असो की दोघांच्या कचाट्यात, चेंडू त्यालाच. सुरुवातीच्या सामन्यांत हे खपून जातं, कारण मित्र खरोखर चांगला खेळाडू असतो. मग समोरचे संघ फिल्म बघून यायला लागतात आणि इंटरसेप्शन (आपला पास समोरच्यांनी झेलणं) सुरू होतात. कोच ओरडतात, 'बाकीच्यांकडेही बघ!' आठवडाभर फरक पडतो. पुढच्या शुक्रवारी थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) आठ-दहा यार्ड हवे असतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी न्यू जर्सीत एका शाळेच्या फ्रेशमन (नववीच्या) संघातल्या क्वार्टरबॅकना शिकवायला मदत करतो. इथल्या मराठी घरांतली मुलं आता या खेळात दिसू लागली आहेत, फ्लॅग फुटबॉलमध्ये (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढून अडवायचा प्रकार) मुलीही, आणि त्यांच्या आईवडलांकडून हा प्रश्न सारखा येतो. म्हणून सविस्तर लिहितोय. पालकांनाही उपयोग व्हावा आणि ज्यांनी शिटी गळ्यात घालून कोचिंगला हातभार लावायला सुरुवात केली आहे त्यांनाही.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. 'बाकीच्यांकडे बघ' हा उपाय नाही. मुलगा बाकीच्यांकडे बघेल, पण बघून काय ठरवायचं हे त्याला माहीत नसेल तर डोळे फिरून परत मित्रावरच येतील, आणि तेही अर्धा सेकंद उशिरा. म्हणजे पास आणखी धोक्याचा. खरा बिघाड असा असतो की चेंडू कुणाला द्यायचा हे स्नॅपच्या आधीच ठरून गेलेलं असतं. ते का ठरतं याची कारणं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कारण न शोधता इलाज केला म्हणूनच ही अडचण पुन्हा पुन्हा उगवते.

आवडता रिसीव्हर असणं हा दोष नाही

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग आणि रिसीव्हर मार्विन हॅरिसन या जोडीने इंडियानापोलिस कोल्ट्सकडून नियमित हंगामांत ११२ टचडाउन केले. २००२ च्या एका हंगामात हॅरिसनने १४३ पास झेलले. हॅरिसन बहुतेक वेळा उजव्या टोकालाच उभा राहायचा, तो कुठे असणार हे सगळ्या लीगला ठाऊक होतं, तरी तो थांबला नाही. कारण बचाव त्याच्याकडे झुकला की मॅनिंगला दुसरीकडे काय मोकळं झालंय ते कळायचं. हाच मॅनिंग १९९८ मध्ये नवखा असताना एका हंगामात २८ इंटरसेप्शन देऊन बसला होता आणि संघ ३-१३ वर (तीन विजय, तेरा पराभव) संपला होता. पुढच्या वर्षी तोच संघ १३-३. शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ मुलाला द्यावा लागतो.

दुसरं उदाहरण मॅथ्यू स्टॅफर्डचं. २०१२ मध्ये डेट्रॉइट लायन्सचा हा चोवीस वर्षांचा क्वार्टरबॅक हंगामात ७२७ वेळा पास टाकून गेला, आणि त्याचा रिसीव्हर कॅल्विन जॉन्सन याने १,९६४ यार्डांचा विक्रम केला. संघ ४-१२. शेवटचे आठही सामने हरले. हरण्याची कारणं अनेक होती, सगळं खापर पासिंगवर फोडणं चुकीचं ठरेल. पण एका रिसीव्हरचे आकडे डोळे दिपवणारे असले म्हणजे आक्रमण नीट चाललंय, असा अर्थ होत नाही, हे त्या वर्षाने स्वच्छ दाखवलं.

त्याच स्टॅफर्डने १३ फेब्रुवारी २०२२ ला लॉस एंजेलिस रॅम्सकडून सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला, सिनसिनाटी बेंगल्सवर २३-२० असा. त्या हंगामात त्याचा लाडका रिसीव्हर होता कूपर कप: १४५ कॅच, १,९४७ यार्ड. अंतिम सामन्यात ओडेल बेकहॅम दुसऱ्या क्वार्टरमध्येच जखमी झाला, रॉबर्ट वूड्स आधीच हंगामाबाहेर होता. सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं की चेंडू कपकडे जाणार, आणि शेवटच्या ड्राइव्हमध्ये (आक्रमणाच्या सलग खेळींत) तो गेलाच. पण त्यातला एक पास स्टॅफर्डने नजर दुसरीकडे ठेवून टाकला. मधला बचावपटू त्या नजरेमागे सरकला आणि चेंडू त्याच्या पाठीमागून कपच्या हातात गेला. दोन्ही वर्षी आवडता रिसीव्हर होता. २०२२ मध्ये त्याच्याकडे जायचा रस्ता क्वार्टरबॅक स्वतः मोकळा करत होता. आपल्या मुलाला त्या दिशेने न्यायचं आहे. त्याचा मित्र त्याच्यापासून तोडायचा नाही.

फिल्मवर नक्की काय बघायचं

बहुतेक शाळा आता हडल या व्हिडिओ ॲपवर सामन्याची फिल्म टाकतात. उंचावरून घेतलेली, मागून किंवा बाजूने दिसणारी फिल्म घ्या आणि फक्त पासचे प्ले (खेळी) बघा. चेंडू बघू नका, हेल्मेट बघा. स्नॅपच्या वेळी चेहरा कुठे, ड्रॉपचं (टाकण्यासाठी मागे घेतलेल्या पावलांपैकी) शेवटचं पाऊल पडतं तेव्हा कुठे, आणि चेंडू सुटताना कुठे, एवढं प्रत्येक प्लेसाठी एका कागदावर लिहा. तीनही जागी एकच दिशा येत असेल तर टक लावून बघण्याची सवय आहे. सुरुवातीला दुसरीकडे बघून शेवटी मित्राकडे येत असेल तर ती सवय नव्हे, तिथे भीती किंवा अविश्वास शोधा.

मग बचाव बघा. मॅन कव्हरेज (प्रत्येक रिसीव्हरमागे एक बचावपटू) असेल तर बचावपटू आपापल्या रिसीव्हरकडे बघत धावतात, त्यामुळे क्वार्टरबॅकच्या नजरेचं नुकसान कमी होतं. फक्त मागचा मोकळा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) ती नजर वाचतो. झोनमध्ये (प्रत्येकाने ठरलेली जागा राखायची) मात्र लाइनबॅकर (मधले बचावपटू) आणि सेफ्टी सगळेच क्वार्टरबॅककडे तोंड करून उभे असतात. तिथे टक लावून बघणं म्हणजे चेंडू कुठे येणार ते आधी सांगणं. मुलाचे बहुतेक इंटरसेप्शन झोनविरुद्ध आहेत का, हे मोजून बघा. उत्तर 'हो' आलं तर घाबरू नका. त्याचा हात आणि निर्णय बरे आहेत, डोळे तेवढे चुगली करतायत.

कबड्डीत चढाईला गेलेला गडी ज्याला हात लावायचा त्याच्याकडे शेवटपर्यंत बघत नाही. मराठी घरात वाढलेल्या मुलांना मी हे एकदा सांगतो, आणि त्यांना ते लगेच पटतं.

कारण माणूस आहे की बाजू?

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती बहुतेक ठिकाणी कुणी करतच नाही. मित्र उजव्या टोकाला उभा राहतो आणि चेंडू सारखा त्याच्याकडे जातो, म्हणून सगळे म्हणतात मित्र लाडका. एका सरावात मित्राला डाव्या बाजूला उभं करा, दुसरं काही बदलू नका, मुलाला काही सांगूही नका. चेंडू त्याच्यामागे डावीकडे गेला तर माणूस लाडका. चेंडू उजवीकडेच जात राहिला तर बाजू लाडकी, आणि मग इलाज पायांचा आणि खांद्यांचा आहे. उजव्या हाताच्या मुलाला उजवीकडे टाकताना डावा खांदा आणि पाऊल आपोआप जागेवर येतं. डावीकडे टाकताना कमरेतून पूर्ण वळावं लागतं. ज्याला ते नीट शिकवलेलं नाही तो डाव्या बाजूकडे बघणंच टाळतो.

यात हायस्कूलच्या मैदानाचाही हात असतो. मैदान १६० फूट रुंद आणि शाळांच्या नियमांत हॅश मार्क (चेंडू ठेवायच्या जागेची मर्यादा दाखवणाऱ्या खुणा) त्याचे तीन सारखे भाग करतात. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावी साइडलाइन जेमतेम १८ यार्डांवर आणि उजवी ३५ यार्डांच्या पलीकडे. एनएफएलमध्ये दोन हॅशमधलं अंतर फक्त साडेअठरा फूट, त्यामुळे टीव्हीवर बघताना हा फरक लक्षात येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला लांबच्या बाजूचा आउट रूट (साइडलाइनकडे वळणाऱ्या रिसीव्हरचा पास) हवेत तरंगत जाताना दिसतो आणि एकदा तो कॉर्नरने (टोकाच्या बचावपटूने) पळवला की मुलगा त्या बाजूला पुन्हा टाकत नाही. हा शहाणपणाही असू शकतो. मग कोचने लांबच्या बाजूला आउट देऊच नये, तिथे स्लँट, क्रॉसर असे आतल्या बाजूचे रूट (धावा) द्यावेत.

बाकीची कारणं

प्लेबुक. कोचच्या कॉल शीटवर पासचे जे प्ले आहेत त्यातल्या कितीमध्ये पहिला रीड (क्रमाने सगळ्यात आधी बघायचा) तोच रिसीव्हर आहे? अनेकदा जवळजवळ सगळ्यांत. मग मुलगा सांगितल्याप्रमाणेच खेळतोय. शीट बदला, मुलगा आपोआप बदलेल. पालकांनी हे कोचला सामन्यानंतर मैदानावर सांगायला जाऊ नये, आठवड्याच्या मध्ये शांतपणे विचारावं.

वेळ. स्नॅपपासून पहिला बचावपटू क्वार्टरबॅकपर्यंत पोचेपर्यंतचा वेळ फोनवर मोजा. एनएफएलमध्येसुद्धा चेंडू साधारण अडीच-तीन सेकंदांत सुटतो. तुमची लाइन (क्वार्टरबॅकला राखणारे पुढचे खेळाडू) दोन सेकंदही देत नसेल तर दुसरा-तिसरा रीड बघायला सांगणं मुलावर अन्याय आहे. तिथे लाइन सुधारा, तीन पावलांचे झटपट पास वाढवा, स्क्रीन (लाइनच्या मागे दिलेला छोटा पास) द्या.

ज्ञान. कोरा कागद द्या आणि एखाद्या प्लेचं नाव सांगा. पाचही रिसीव्हरचे रूट, प्रत्येकाची खोली, आणि बघण्याचा क्रम काढायला सांगा. माझ्या अनुभवात बहुतेक मुलं मित्राचा रूट यार्डासकट बरोबर काढतात आणि पलीकडच्या बाजूला नुसता बाण काढून ठेवतात. जे माहीत नाही ते तो बघणार कसा? पालकांना घरी करता येण्यासारखं एवढं एक काम आहे. तुम्हाला खेळ कळला पाहिजे असंही नाही. प्लेबुक हातात घ्या आणि कागद तपासा, जसे पाढे तपासता तसे.

पाय. ड्रॉप आणि रूट यांची लय जुळलेली असावी लागते. पाच पावलांच्या ड्रॉपमध्ये पाचवं पाऊल टेकताना पहिला रीड, एक छोटी हिच (पुढे सरकण्याची छोटी पावलं) घेताना दुसरा, आणखी एक हिच म्हणजे तिसरा. ज्याचे पाय पाचव्या पावलावर रुतून बसतात त्याचे डोळेही तिथेच रुतून बसतात. मी 'डोळे हलव' असं सांगणं सोडून दिलंय. 'पाय हलव' सांगतो, डोळे मागोमाग येतात. पॉकेटमध्ये (लाइनने राखलेल्या जागेत) टाचा जमिनीवर टेकवून उभा राहणारा मुलगा आणि चवड्यांवर हलका राहणारा मुलगा यांच्या नजरेतला फरक फिल्मवर लगेच दिसतो.

आणि विश्वास. हे कारण शेवटी लिहितोय, पण मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. क्वार्टरबॅकला चेंडू रिसीव्हर वळायच्या आधी सोडावा लागतो. समोरची पाठ वळेल, हात वर येतील, हे गृहीत धरून तो मोकळ्या जागेत टाकायचा असतो. हे गृहीत धरण्यासाठी त्या मुलाला शेकडो वेळा वळताना बघितलेलं असावं लागतं. मित्राला त्याने गल्लीत, अंगणात, उन्हाळाभर बघितलेलं असतं. बाकीच्यांना ऑगस्टच्या कॅम्पमध्ये पहिल्यांदा. सरावाच्या सुरुवातीचा वॉर्म-अप बघा: दोघे मित्र जोडी करून एकमेकांना चेंडू टाकत असतात, रोज, पूर्ण हंगाम. ती जोडी तोडा. वॉर्म-अपचा जोडीदार दररोज बदलायचा, टायटेंड (लाइनच्या टोकाचा रिसीव्हर) आणि रनिंग बॅकसकट (चेंडू घेऊन धावणारा). हा बदल इतका साधा आहे की कोच त्याला महत्त्व देत नाहीत, पण मला यातून जितका फरक दिसलाय तितका कुठल्याही भाषणातून दिसलेला नाही.

दुसऱ्या रिसीव्हरने सामन्यात पास सोडला असेल तर मुलगा मनातल्या मनात त्याचं नाव खोडून टाकतो. ते त्याला कळतही नसतं. अशा वेळी पुढच्याच ड्राइव्हमध्ये त्या रिसीव्हरला सोपा, पाच यार्डांचा पास कॉल करून द्यायचा. हे काम कोचचं आहे. ते मुलाच्या मोठ्या मनावर सोडू नये.

मुख्य उपाय: रिसीव्हर वाचू नका, बचावपटू वाचा

नवख्या क्वार्टरबॅकला पाच जणांतून निवड करायला लावलं की तो ओळखीचा चेहरा निवडतो. म्हणून त्याच्याकडून ती निवडच काढून घ्या. मैदानाची अर्धी बाजू द्या, दोन रिसीव्हर द्या, आणि एकच बचावपटू दाखवा. निर्णय तो बचावपटू घेईल.

याचं सगळ्यात सोपं रूप म्हणजे स्मॅश. टोकाचा रिसीव्हर पाच-सहा यार्डांवर हिच करून, म्हणजे मागे वळून, थांबतो, आतला रिसीव्हर बारा यार्डांवरून कोपऱ्याकडे वळतो. क्वार्टरबॅकने फक्त कॉर्नरबॅक बघायचा. तो मागे सरकला तर समोरचा हिच. तो खालीच थांबला तर त्याच्या डोक्यावरून कोपऱ्यात. मित्र टोकाला आहे की आत, याने काहीच फरक पडत नाही. कधी चेंडू त्याच्याकडे जाईल, कधी दुसऱ्याकडे, आणि दोन्ही वेळा निर्णय बरोबर असेल. मुलाला पहिल्यांदा कळतं की पास कुणाला द्यायचा हे आपल्या आवडीवर अवलंबून नाही, आणि हे कळल्यावर त्याच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरतं. मी ते हलकेपण मुलांच्या चेहऱ्यावर बघितलंय.

स्मॅश अंगात मुरला की कर्ल-फ्लॅट. इथे बघायचा तो फ्लॅट (साइडलाइनजवळची उथळ जागा) झाकणारा बचावपटू: तो बाहेर पळाला तर मागचा कर्ल (पुढे जाऊन वळणारा रिसीव्हर), तो कर्लखाली गेला तर फ्लॅटमधला रनिंग बॅक. नंतर पूर्ण मैदानाचे क्रम. फ्रेशमन वर्षात मी दोन-तीन अशा जोड्यांच्या पुढे जात नाही. टीव्हीवरच्या क्वार्टरबॅकसारखं डावीकडून उजवीकडे चार जणांना चाळणं या वयात बहुतेकांना जमत नाही, आणि जमत नाही म्हणून मुलगा परत मित्राला धरतो.

नजरेने सेफ्टी हलवणं हेही त्यानंतरचं शिक्षण. घाईने शिकवलं तर मुलगा भलतीकडे बघण्याचं नाटक करतो, बघत काहीच नाही, आणि वळल्यावर आंधळा पास टाकतो. आधी फक्त एवढंच सांगा: पहिली दोन पावलं मधल्या सेफ्टीकडे बघत घे, तो कुठे सरकतोय ते मला नंतर सांग. त्याला काहीतरी खरं बघायचं काम मिळतं, आणि वरून बचावाला दिशा कळत नाही.

सरावातले तीन प्रकार जे खरोखर कामाला येतात

पहिला, बचावाशिवाय रूट. पाच रिसीव्हर, पाच चेंडू, आणि क्वार्टरबॅक कमी असतील तर चेंडू टाकायला कोच, मॅनेजर, कुणीही. एकाच स्नॅपवर पाचही चेंडू पाच जणांकडे जातात, प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला, आणि दर वेळी क्वार्टरबॅक पुढच्या क्रमांकावर सरकतो. पाचव्या क्रमांकावर असताना त्याला चारही जणांकडे क्रमाने बघून मग चेकडाउन (शेवटचा, जवळचा सोपा पास) टाकायचा असतो. पावलांची लय इथे पक्की होते.

दुसरा, बंदी. सरावाचा एक भाग असा ठेवा की त्यात मित्र पूर्ण वेगाने रूट धावेल पण त्याला चेंडू द्यायचा नाही. मित्रालाही सांगा की त्याने अर्धवट धावायचं नाही, कारण तो बचाव ओढून नेतोय आणि त्यामुळे इतरांना जागा मिळते. सामन्यात ही बंदी कधीही घालू नका. मोकळा दिसणारा चांगला खेळाडू सोडायला लावलं तर मुलाचा कोचवरचा विश्वास जातो, आणि तो बरोबरच असतो.

तिसरा माझा सगळ्यात आवडता: लाडक्या रिसीव्हरला सेफ्टी खेळवा. आमच्याकडे हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा त्या मुलाने दुसऱ्याच प्लेला चेंडू सुटायच्या आधीच धाव घेतली आणि सहज उचलून नेला. पुढच्याला पुन्हा तेच. क्वार्टरबॅक चिडला, 'तुला प्ले माहीत आहेत म्हणून!' मित्र म्हणाला, 'प्ले नाही रे, तुझा डावा हात. टाकायच्या आधी तू चेंडूवर एक थाप मारतोस, आणि ज्याच्याकडे बघत थाप मारतोस त्यालाच देतोस.' आम्ही फिल्म लावली. थाप होती, प्रत्येक पासच्या आधी, डाव्या तळहाताची, स्पष्ट ऐकू यावी इतकी. कोचिंग स्टाफमधल्या कुणालाही तोवर ती दिसलेली नव्हती. मित्राने दाखवलेली खूण मुलगा जितकी मनावर घेतो तितकी आमची घेत नाही, आणि त्यात दोघांची मैत्रीही कामाला येते. तुमच्या मुलाची खूण वेगळी असेल: कुणी टाकायच्या आधी ओठ चावतो, कुणाचा पुढचा पाय लवकर उघडतो. ती शोधायला मित्रासारखा दुसरा माणूस नाही.

बरं झालं म्हणावं तोच पुन्हा का होतं

थर्ड अँड लाँग (तिसरा प्रयत्न, बरेच यार्ड हवे), रेड झोन (गोलरेषेजवळचे शेवटचे वीस यार्ड), हाफ संपायला दोन मिनिटं, आणि इंटरसेप्शननंतरचा पहिला पास. सवय या चार जागी परत येते. दडपण आलं की माणूस जुन्या ओळखीकडे धावतो, त्यात मुलाची चूक नाही. पण या जागा आधी माहीत असतील तर त्यांची तयारी करता येते. थर्ड डाउनसाठी असे दोन प्ले आठवड्याभरात घटवा ज्यांत मित्र पहिला रीड नाही, आणि गुरुवारच्या सरावात तेच आधी चालवा. इंटरसेप्शननंतरचा पहिला कॉल आधीच ठरलेला असू द्या: रनिंग बॅकला स्विंग किंवा स्क्रीन, जिथे विचार करायची गरजच नाही. पहिला पास पूर्ण झाला की खांदे खाली येतात, मान परत फिरायला लागते.

चेकडाउनची लाज हेही पुनरावृत्तीचं एक कारण आहे. मुलांना वाटतं रनिंग बॅकला चार यार्डांचा पास म्हणजे हार. त्यांना ५ फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल दाखवा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स अटलांटा फाल्कन्सविरुद्ध २८-३ ने मागे होते आणि ओव्हरटाइममध्ये ३४-२८ ने जिंकले. त्या सामन्यात क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या संघात सर्वाधिक पास कुणी झेलले? जेम्स व्हाइट या रनिंग बॅकने, १४. त्यातले अनेक छोटेच होते, आणि पुनरागमन त्यांच्यावर उभं राहिलं.

सेव्हन-ऑन-सेव्हन (सात विरुद्ध सात, फक्त पासचा खेळ) खेळणाऱ्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. उन्हाळ्यातल्या त्या सामन्यांत पास रश (क्वार्टरबॅकवर चाल करून येणारे बचावपटू) नसतो, घड्याळ असतं. मुलगा मित्राची वाट बघत उभा राहू शकतो आणि तो शेवटी मोकळा होतोच. जूनमध्ये बरी झालेली सवय सप्टेंबरमध्ये परत येण्यामागे बरेचदा हेच असतं. उन्हाळ्यात खेळू द्या, पण ज्याने सराव घ्यायचा त्याने पाचव्या पावलानंतर दोन हिचमध्ये चेंडू सुटलाच पाहिजे, असा नियम स्वतःहून लावावा.

फ्लॅग खेळणाऱ्या मुलींसाठी आणि लहान मुलांसाठी

फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये असणार आहे, आणि हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. कॅलिफोर्नियाच्या शाळांत २०२३ पासून मुलींचा फ्लॅग हा अधिकृत खेळ आहे. तिथेही अडचण तीच, पण रूप थोडं वेगळं. ऑलिंपिकच्या प्रकारात मैदानावर संघाचे पाच खेळाडू असतात आणि सेंटरसुद्धा पास झेलू शकते. लहान मैदानावर बचावपटू क्वार्टरबॅकच्या इतके जवळ असतात की नजर अधिकच उघडी पडते. माझा सल्ला: पहिला रीड सरळ सेंटर ठेवा. स्नॅप देऊन ती समोरच पळते, मुलीची नजर आपसूक मैदानाच्या मध्यावर राहते, आणि तिथून दोन्ही बाजू दिसतात. दहा वर्षांखालच्यांना क्रम-बिम काही शिकवू नका. सगळ्यांना झेलायला मिळेल असं बघा आणि वॉर्म-अपच्या जोड्या बदलत राहा.

पालकांनी काय करावं

घरी परततानाच्या गाडीत 'तू त्याला का दिला नाहीस' हा प्रश्न विचारू नका. स्टँडमधून तुम्हाला मोकळा दिसणारा रिसीव्हर मुलाला सहा फुटी लाइनमनच्या मागून दिसत नसतो. विचारायचंच असेल तर 'सेफ्टी काय करत होता?' असं विचारा. उत्तर आलं तर मुलगा योग्य जागी बघतोय. 'माहीत नाही' आलं तर ते कोचला कळवा, मुलाला नको.

दुसऱ्या रिसीव्हरचे आईवडील ओळखीचे असतात, कधी आपल्याच मंडळातले. त्यांच्या मुलाला पास मिळत नाहीत ही कुरबूर गणपतीच्या आरतीनंतर कानावर येते. ती मुलापर्यंत पोचवू नका. अशा दडपणाखाली मुलगा पास वाटायला लागतो, आणि वाटलेला पास लाडक्याला दिलेल्या पासइतकाच वाईट. उलट त्या मुलाला रविवारी घरी बोलवा, अंगणात दोघांना तासभर टाकू-झेलू द्या.

हंगामाच्या मध्यावर पुन्हा कागद काढा आणि पहिल्यासारखंच हेल्मेट मोजा. स्नॅप, शेवटचं पाऊल, चेंडू सुटणं. तीन जागी तीन वेगळ्या दिशा दिसत असतील आणि तरीही निम्मे पास त्या एकाच मित्राकडे जात असतील, तर तो मित्र खरोखर मोकळा होतोय आणि तुमचा मुलगा ते बघून टाकतोय. तिथे हात लावू नका. पुढचा प्ले कॉल करा.